कुंडीतला वाटाणा आणि आगकाड्यांची मौज

भारतीय सिनेमाचा इतिहास शिकवताना आपण एका तारखेपाशी येऊन थांबतो : ३ मे १९१३. मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात त्या दिवशी 'राजा हरिश्चंद्र'चे जाहीर खेळ सुरू झाले. निर्माते धुंडिराज गोविंद फाळके. एका गुणाचा प्रश्न, एका ओळीचे उत्तर. मुले ते पाठ करतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात.

उत्तर बरोबरच आहे. पण त्याच्या आदल्या वर्षी याच माणसाने आणखी एक फिल्म केली होती. तिच्यात राजा नव्हता, राणी नव्हती, नटमंडळी नव्हती. होती एक कुंडी आणि त्या कुंडीत रुजणारा वाटाणा. फिल्मचे नाव 'अंकुराची वाढ'. लांबी जेमतेम मिनिटभराची. हा लेख त्या कुंडीविषयी आहे, आणि तिच्यानंतर दोन-तीन वर्षांनी फाळक्यांनी नाचवलेल्या आगकाड्यांविषयी. आज आपल्या घराघरांत मुले मोबाइल टेकवून ठेवतात, खेळण्यातली गाडी बोटभर सरकवतात, फोटो काढतात, पुन्हा सरकवतात. हे खूळ परदेशातून इंटरनेटवरून आले, असे पालकांना वाटते. महाराष्ट्राच्या मातीत ते शंभराहून अधिक वर्षांपूर्वी रुजले होते, आणि तेही घरातच.

आधी हा प्रकार नेमका काय ते पाहू. आज त्याला स्टॉप मोशन म्हणतात. वस्तू जागच्या जागी ठेवायची, कॅमेरा पक्का बसवायचा आणि एक चित्र घ्यायचे. मग वस्तू किंचित हलवायची, हात बाजूला घ्यायचा, दुसरे चित्र घ्यायचे. अशी शेकडो चित्रे एकामागून एक वेगाने दाखवली की निर्जीव वस्तू आपोआप चालताना दिसते. हलवणारा हात कुठल्याच चित्रात नसतो. सगळी जादू त्या न दिसणाऱ्या हातात आहे. वाटाण्याच्या बाबतीत हलवण्याचे काम निसर्ग करतो, एवढाच फरक. माणसाने फक्त वेळेवर चित्र घ्यायचे.

डोळ्याला हे फसवणे कसे जमते, हा प्रश्न सिनेमापेक्षा पुष्कळ जुना आहे. इब्न अल-हैसम हा इ.स. ९६५ मध्ये बसरा येथे जन्मलेला आणि पुढे कैरोत राहिलेला शास्त्रज्ञ. त्याच्या 'किताब अल-मनाज़िर' या प्रकाशशास्त्रावरच्या ग्रंथात एका भोवऱ्याची गोष्ट येते. भोवऱ्यावर वेगवेगळ्या रंगांचे पट्टे ओढले आणि तो जोरात फिरवला, तर पट्टे वेगळे दिसत नाहीत, सगळ्यांचा मिळून एकच रंग दिसतो. पाहायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ मिळाला नाही तर डोळा वेगळेपण पकडू शकत नाही, हे त्याने एका खेळण्यावरून सांगितले. भाषेच्या शिक्षकाला इथे आणखी एक गंमत दिसते. 'मनाज़िर' हा शब्द ज्या धातूपासून आला, त्याच धातूपासून आपल्या रोजच्या मराठीतला 'नजर' हा शब्द आला आहे.

दुसरी गोष्ट जर्मनीतली. माक्स वेर्टहायमर नावाचा मानसशास्त्रज्ञ आगगाडीने जात असताना फ्रँकफुर्टला उतरला आणि त्याने चित्रे हलताना दाखवणारे एक खेळणे विकत घेतले, असे सांगतात. त्या खेळण्यापासून सुरू झालेले प्रयोग त्याने १९१२ मध्ये प्रसिद्ध केले. दोन स्थिर गोष्टी ठरावीक अंतराने एकामागून एक दिसल्या, की मधली हालचाल आपला मेंदू स्वतः भरून काढतो, असे त्याने दाखवून दिले. त्याच वर्षी इकडे मुंबईत एक मराठी माणूस वाटाण्याच्या कुंडीसमोर कॅमेरा लावून बसला होता. दोघांना एकमेकांची वार्ता असण्याचे कारण नव्हते.

फाळके तिथवर कसे पोहोचले ते थोडक्यात सांगतो. जन्म ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वर. शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात. फोटोग्राफी केली, छपाईचा धंदा केला, जादूचे प्रयोगही केले. जादूगार म्हणून त्यांनी आपलेच आडनाव उलटे करून 'प्रोफेसर केळफा' हे नाव घेतले होते. मग मुंबईत गिरगावातल्या तंबूत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि त्यांना सिनेमाचा ध्यास लागला. छोटे यंत्र आणि काही रिळे विकत आणून, मेणबत्तीचा उजेड भिंगावर पाडून ते रात्री घराच्या भिंतीवर चित्रे पाहत बसत. पाहून पाहून डोळे इतके बिघडले की काही काळ दिसेनासे झाले. उपचारांनी दृष्टी परत आली. मग विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले. तिथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहिले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला भोके पाडायचे यंत्र खरेदी केले आणि एप्रिलच्या सुरुवातीला ते परतले.

आता कॅमेरा होता, ज्ञान होते, पैसा नव्हता. सिनेमा हा धंदा होऊ शकतो, यावर सावकाराचा विश्वास कसा बसणार? त्यांना पटवण्यासाठी फाळक्यांनी दादरच्या घरात कुंडी ठेवली, तिच्यात वाटाणा पेरला आणि समोर कॅमेरा बसवला. महिनाभर ते त्या कोंबाची चित्रे घेत राहिले. निवडक लोकांना फिल्म दाखवली तेव्हा बी फुटले, कोंब वर आला, पाने उघडली, वेल चढला, आणि हे सगळे मिनिटभरात. यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारख्या परिचितांनी ते पाहून कर्ज देऊ केले.

या फिल्मचे वेगळेपण नीट लक्षात घेतले पाहिजे. त्याआधी आपल्याकडे कॅमेरा चाललाच नव्हता असे नाही. सावेदादा भाटवडेकरांनी १८९९ मध्येच कुस्तीचे चित्रण केले होते. दादासाहेब तोरण्यांचा 'पुंडलिक' मे १९१२ मध्ये पडद्यावर आला, तोही मुळात रंगभूमीवरच्या नाटकाचे चित्रण होता. या दोन्हींत डोळ्यांना जे दिसत होते तेच कॅमेऱ्याने टिपले. वाटाण्याच्या फिल्मने उलटे केले. रोप वाढते हे शेतकऱ्याच्या पोराला कुणी सांगावे लागत नाही, पण वाढताना त्याला कुणी पाहिलेले नसते. ते कॅमेऱ्याने दाखवले.

फाळक्यांच्या या फिल्मविषयी बहुतेक ठिकाणी एक वाक्य सापडते : त्यांनी महिनाभर रोज एक चित्र घेतले. हे वाक्य मी पूर्वी वर्गात जसेच्या तसे सांगत असे. एकदा सातवीतल्या एका मुलीने वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला आणि वही माझ्यासमोर धरली. मूकपटाच्या काळात एका सेकंदाला साधारण १६ चित्रे धरत. महिनाभर रोज एक चित्र म्हणजे ३० चित्रे. ती दोन सेकंदही पुरत नाहीत. मिनिटभराच्या फिल्मला ६० गुणिले १६, म्हणजे ९६० चित्रे लागतात.

त्या वहीतला हिशोब पुढे नेला की गोष्ट आणखी उलगडते. हाताने फिरवायच्या कॅमेऱ्याचा दांडा एकदा फिरवला की सहसा आठ चित्रे निघत. रोज एकच फेरी धरली तर महिन्याला २४० चित्रे होतात, म्हणजे १५ सेकंद. तरीही मिनिट भरत नाही. ९६० चित्रांसाठी आठ-आठच्या १२० फेऱ्या लागतात, म्हणजे दिवसाला चार. आणि एकेकच चित्र घ्यायचे म्हटले, तर दिवसाला ३२ चित्रे. उजेडाचे बारा तास धरले तर दर बावीस-तेवीस मिनिटांनी एक. थोडक्यात, दिवसातून किमान चार वेळा आणि जास्तीत जास्त बत्तीस वेळा कुणीतरी त्या कुंडीपाशी जाऊन उभे राहत होते. सलग महिनाभर. कुंडी हलू द्यायची नाही, कॅमेऱ्याला धक्का लागू द्यायचा नाही, पोरांना भोवती फिरकू द्यायचे नाही. 'रोज एक चित्र' हे वाक्य ऐकायला सुंदर आहे, पण ते मेहनत झाकते. इतिहासातली सुंदर वाक्ये अधूनमधून अशी मोजून पाहावीत.

आणि मेहनत मोजायला लागलो की घरातली दुसरी व्यक्ती दिसू लागते. सरस्वतीबाई फाळके. १९०२ मध्ये लग्न होऊन त्या फाळक्यांच्या घरी आल्या. त्या काळी कच्ची फिल्म कडेला भोके न पाडलेली येई. ती अंधारात, हाताच्या अंदाजाने यंत्रात घालून भोके पाडावी लागत. हे काम सरस्वतीबाई शिकल्या. रसायने मिसळणे, फिल्म धुणे हेही शिकल्या. चित्रण चालू असताना उजेड परावर्तित करण्यासाठी पांढरी चादर धरून त्या उन्हात उभ्या राहत. 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी घरात साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांच्याकडे होता. भांडवल कमी पडले तेव्हा त्यांचे दागिने गहाण गेले. कुंडीसमोरचा तो महिना ज्या घरात गेला, ते घर त्या चालवत होत्या. घरी केलेली फिल्म म्हणजे घराने केलेली फिल्म, हे आपल्याला त्यांच्यामुळे कळते. एका गुणाच्या प्रश्नात मात्र त्यांना जागा नसते.

ऑक्टोबर १९१३ मध्ये फाळक्यांनी आपले बिऱ्हाड आणि कारखाना नाशिकला हलवला. तिथे 'मोहिनी भस्मासुर' आणि 'सत्यवान सावित्री' झाले. मग १९१४ चे महायुद्ध आले, परदेशातून येणारा कच्चा माल आणि भांडवल दोन्ही आटले. या ओढाताणीच्या काळातल्या त्यांच्या छोट्या फिल्मांमध्ये 'आगकाड्यांची मौज' आहे. साध्या आगकाड्या पडद्यावर आपोआप हलत, रचल्या जात, आकार धरत. 'लक्ष्मीचा गालिचा'मध्ये नाणी अशीच हलवली होती. 'विचित्र शिल्प' हीसुद्धा निर्जीव वस्तूंना चालवणारी फिल्म होती. नट लागत नाही, पोशाख लागत नाही, मंडप लागत नाही. काडीपेटी घरात असतेच.

जगात इतर ठिकाणीही हेच चालले होते. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ मध्ये आगकाड्यांचीच फिल्म केली होती. इंग्लंडमध्ये आर्थर मेलबर्न-कूपर यांनी त्याच सुमारास खेळण्यांची एक फिल्म केली. तिच्यात एक मुलगा स्वप्नात आपली खेळणी रस्त्यावर जिवंत होऊन फिरताना पाहतो. रशियन साम्राज्यात लादिस्लाव स्तारेविच मेलेल्या किड्यांना तारेचे पाय लावून त्यांच्याकडून अभिनय करून घेत होते. नवे यंत्र हाती आल्यावर पुष्कळांना पहिल्यांदा सुचले ते खेळणेच.

आपल्याकडे तर याची पूर्वतयारीही झालेली होती. कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी आणि त्यांच्या मुलांनी १८९२ च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' नावाने जादुई कंदिलाचे खेळ सुरू केले. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली पात्रे, प्रत्येक हालचालीसाठी वेगळी पट्टी, आणि त्या भराभर बदलण्याचे कौशल्य. सिनेमाचे यंत्र मुंबईत जुलै १८९६ मध्ये आले. त्याच्या आधीच एका मराठी कुटुंबाने चित्रे हलवून दाखवली होती. इथेही पुन्हा कुटुंबच.

मराठीने या नात्याला शब्द बरोबर दिला आहे. आपण सिनेमाचा 'शो' म्हणू लागलो ते अलीकडे. आमच्या लहानपणापर्यंत सहाचा खेळ, नवाचा खेळ असेच म्हणत. उरुसात आणि जत्रेत तंबू लागायचा तेव्हा भोंग्यातून 'आजचा खेळ' पुकारला जायचा. खेळ आणि खेळणे एकाच घरचे शब्द आहेत.

आमच्या जालना जिल्ह्यात पोळ्याच्या आठवड्यात मातीचे बैल बाजारात येतात. ज्याच्या गोठ्यात बैल त्याच्या घरी पोळा, मग नाव रामभाऊ असो की रहीमभाई. सण झाला की ते बैल मुलांच्या हाती येतात. गेल्या वर्षी आमच्या वर्गातल्या मुलांनी असेच दोन बैल आणि काडीपेट्या जोडून केलेली आगगाडी घेऊन फिल्म केली. गोष्ट छोटी होती : आगगाडी रुळावर बंद पडते आणि बैल तिला ओढून स्टेशनात आणतात. स्टेशनाच्या पाटीवर 'जालना' एकदा मराठीत आणि एकदा उर्दूत लिहिले होते. मोबाइल दोन विटांमध्ये दोरीने बांधला. सेकंदाला १२ चित्रे धरायची ठरली. १४४ चित्रे झाली, म्हणजे १२ सेकंद. त्यासाठी दोन शनिवारांची सकाळची शाळा गेली.

त्या दोन सकाळी मुलांनी शोधून काढलेल्या गोष्टी कुठल्याही पुस्तकापेक्षा पक्क्या आहेत. खिडकीतले ऊन सरकते, म्हणून बैल उभा असला तरी त्याची सावली चालते. यावर उपाय म्हणून खिडकीला चादर लावावी लागली. पंखा चालू असेल तर काडीपेटीचा डबा हलतो. बैल एकदम बोटभर सरकवला तर तो उडी मारल्यासारखा दिसतो, गव्हाच्या दाण्याएवढा सरकवला तर चालतो. प्रत्येक चित्राआधी 'हात बाहेर' असे मोठ्याने म्हणायचे. आणि सगळ्यात अवघड काम बैल हलवणाऱ्याचे नसते, कंटाळा न येऊ देणाऱ्याचे असते. हे सगळे करून झाल्यावर मी त्यांना सांगितले की तुम्ही १२ सेकंदांना १४४ वेळा हात लावलात, फाळक्यांच्या मिनिटभराला ९६० चित्रे लागली होती, आणि त्यांना काढलेले चित्र लगेच पाहताही येत नव्हते. चित्रे बरी आली की वाईट, हे फिल्म धुतल्यावरच कळायचे. वर्ग थोडा वेळ गप्प होता.

आता दुःखाची बाजू. 'आगकाड्यांची मौज' आज आपल्याला पाहता येत नाही. खुद्द 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे तेवढे हाती आहे. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती भुरभुर पेट घेते, आणि पेटली नाही तरी वर्षानुवर्षांत आपोआप सडते. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले १९६४ मध्ये. तोवर फाळके जाऊन वीस वर्षे झाली होती. १९४४ मध्ये नाशिकला त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांच्या कामाची जपणूक करणारी संस्थाच नव्हती. पुढे २००३ च्या आगीत पुण्यातला नायट्रेट फिल्मांचा मोठा साठाही जळाला. मोठ्या चित्रपटांची ही गत, तर मिनिट-दोन मिनिटांच्या फिल्मांना कोण विचारतो? त्या मुख्य खेळाला जोडून दाखवायच्या, मग रीळ बाजूला टाकायचे. छोटे काम म्हणजे सरावाचे काम, असे समजण्याची ही जुनी खोड आहे. वास्तविक त्या मिनिटभराच्या वाटाण्याने कर्ज उभे केले, आणि त्या कर्जातून 'राजा हरिश्चंद्र' उभा राहिला.

आजच्या मुलांच्या फिल्मा नायट्रेटच्या नाहीत, पण त्या त्याहून लवकर जातात. मोबाइलची जागा भरली की घरातले कुणीतरी सगळे पुसून टाकते. मोबाइल विकला की फिल्म गेली. आगकाड्या निदान काही वर्षे टिकल्या असतील, आपल्या मुलांच्या बैलांना सहा महिनेही मिळत नाहीत. शंभर वर्षांनी कुणाला जाणून घ्यावेसे वाटले की २०२० नंतरच्या काळात मराठवाड्यातल्या एखाद्या शाळेतली मुले कशाशी खेळत होती, स्टेशनाच्या पाटीवर कोणत्या लिप्या लिहीत होती, बैल त्यांना अजून आठवत होता का, तर त्याला काय सापडेल?

म्हणून शिक्षकांना आणि पालकांना माझे तीन गोष्टींचे सांगणे आहे. मुलांनी अशी फिल्म केली की ती मोबाइलशिवाय आणखी दोन ठिकाणी ठेवा, एक शाळेच्या संगणकावर आणि एक घरी पेनड्राइव्हमध्ये. फिल्मच्या नावात गाव आणि तारीख घाला. आणि शेवटी नावांची पाटी येते तिच्यात बैल हलवणाऱ्याचे नाव येईलच, पण खिडकीला चादर धरून दोन सकाळी उभी राहिलेल्या मुलीचेही नाव तितक्याच मोठ्या अक्षरात लिहा. आमच्या मुलांनी ते आपणहून लिहिले. कामाच्या जागी त्यांनी 'चादर' एवढाच शब्द लिहिला आहे. सरस्वतीबाईंची गोष्ट तोवर मी त्यांना सांगितली नव्हती.